हळद न लागलेले पाय

"मॅडम, थोडीशीच लागलीय हो. साबणाने जाईल," असं म्हणत रतनकाकूंनी साडी पोटऱ्यांपर्यंत वर घेतली आणि दर्शना पाय बघायला खाली वाकली.

दोन्ही पाय हापूस आंब्यासारखे पिवळेधमक. त्या पिवळ्यावर घोट्यापर्यंत मेंदीची वेलबुट्टी, नखांवर लालभडक रंग आणि दोन्ही अंगठ्यांवर एकेक चमकता खडा. लग्नाच्या फोटोत हे पाय शोभले असते. दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत त्यांचा काडीचा उपयोग नव्हता.

"काकू, मी भावनाकडे कितीदा निरोप दिलेला. पाय कोरे हवेत म्हणून."

"अहो, मी लांबच बसलेले, शप्पत! पण नणंदा ऐकतात होय? बादलीच ओतली अंगावर. त्यात सख्ख्या पुतण्याची हळद. नाही म्हटलं असतं तर गावभर झालं असतं, रतन लय शहाणी झाली."

भावना बाजूला उभी होती. अंगात शाळेच्या गणवेशावर निळा एप्रन, हातात टॉवेलची घडी. ती घडी तिने मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली. तिच्या कानामागेही हळदीचा एक ओघळ राहून गेला होता.

चूक तशी कोणाचीच नव्हती. भावनाच्या थोरल्या भावाचं, विनीतचं, आज लग्न. लग्नाची तारीख घरच्यांनी दिवाळीत काढलेली, परीक्षेची तारीख नंतर आली. तरी भोईरांच्या घरात सगळ्यांनी बसून वेळेचा मेळ घातला होता. लग्न संध्याकाळचं, परीक्षा सकाळची, काकू पोरीबरोबर जातील आणि जेवायच्या आत मांडवात परत येतील. झालं की! आदल्या रात्रीच्या हळदीचा विचार मात्र कोणाच्या डोक्यातच आला नाही. खाडीकाठच्या त्या गावात हळद ही विचार करायची गोष्टच नव्हती. रात्रभर गाणी वाजायची, सगळे नाचायचे आणि सकाळी आख्खं गाव पिवळं होऊन उठायचं.

दर्शनाने कपाटातून बेसन काढलं, शाळेचे शिपाई धाकूमामा यांना लिंबू आणायला पिटाळलं. धाकूमामा लिंबू घेऊन आले, पण पाय बघूनच त्यांनी निकाल देऊन टाकला.

"बाई, ही आगऱ्यांची हळद हाय. ही लिंबाला नाय जुमानत."

खरंच जुमानली नाही. बेसन संपलं, लिंबू संपलं, रतनकाकू गुदगुल्यांनी हसून हसून बेजार झाल्या आणि पाय होते तसेच राहिले. फक्त चकाकायला लागले.

वर्गात एव्हाना खुर्च्यांवर बाकीच्या मुलींच्या मॉडेल येऊन बसल्या होत्या. कोणाची आई, कोणाची मावशी, कोणाची शेजारीण. सगळ्या जणी आपापले पाय उगाचच एकमेकींपासून लपवत होत्या. हा वर्ग पूर्वी चित्रकलेचा होता. भिंतीवर अजून रंगांचे शिंतोडे होते, त्यांच्यावरच दर्शनाने आरसे लावून घेतले होते.

छापील अभ्यासक्रमात तिच्या विषयाला चांगलं भारदस्त नाव होतं. शाळेत मात्र पहिलीच्या पोरांपासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळे त्याला 'पार्लर' म्हणायचे. नववीत हिंदीच्या जागी तो घेता यायचा. दहावीच्या गुणपत्रिकेत तो गणित-विज्ञानाच्या रांगेत बसायचा आणि त्यात नापास म्हणजे दहावीत नापास. लेखी थोडं, बाकी सगळं हातांचं; आजचं प्रात्यक्षिक पेडिक्युअरचं, म्हणजे कोऱ्या पायांची कातडी-नखं बघून निगा राखायचं. भावनाला लेखी जमायचं नाही. तोंडाने सांगायची ते कागदावर उतरवताना तिचं अर्धं गळून जायचं. तिची सगळी भिस्त हातांवर होती. आणि मॉडेल नाही तर प्रात्यक्षिक नाही, प्रात्यक्षिक नाही तर शून्य.

दर्शनाला हातांची किंमत चांगली ठाऊक होती. ती शाळेत होती तेव्हा हातांच्या कामाला कार्यानुभव म्हणायचे. मुली कागदाची फुलं करायच्या, मेणबत्त्या ओतायच्या आणि वर्षाच्या शेवटी सगळ्या वर्गाला सरसकट अ श्रेणी मिळायची. सगळ्यांना मिळते तिला कोण विचारतो! दर्शनाची फुलं खऱ्या फुलांशेजारी ठेवली तरी ओळखू यायची नाहीत, पण गुणपत्रिकेत ती कुठेच नव्हती. बारावीनंतर ती कळव्याच्या एका पार्लरमध्ये लागली. तेव्हा तिची आई, रमाबाई, भाकरी थापता थापता थांबली होती.

"लोकांचे पाय धरायला शिकवलं का गं तुला आम्ही? तुझ्या आज्यानं आयुष्यभर तेच केलं."

"आई, धरत नाहीये मी. हातात घेते. मी बसते, समोरचं माणूस बसतं, आणि ते मला विचारतं, ताई, बरे होतील ना?"

 रमाबाईने भाकरी तव्यावर टाकली होती, आणि दुसऱ्या दिवशी डबा भरून दिला होता.

पुढे रीतसर शिक्षण, प्रमाणपत्रं, लग्न, आणि मग ही शाळेची नोकरी. नोकरी कंत्राटी. दर जूनमध्ये नव्याने नेमणूक, तोवर कसलीच खात्री नाही. शिक्षकांच्या खोलीत तिची खुर्ची दाराजवळची. मधल्या सुट्टीत कोणी ना कोणी हळूच म्हणायचं, "दर्शना, भुवया करून दे ना गं पटकन." ती करून द्यायची. फक्त एकदा हसत हसत म्हणाली होती, "गणिताच्या बाईंकडे कोणी मधल्या सुट्टीत गणितं सोडवून मागतं का हो?" सगळ्या हसल्या. गणिताच्या बाई सगळ्यात मोठ्याने हसल्या आणि म्हणाल्या, "मागू देत की! पण आधी माझ्या भुवया."

"आत्याला बोलाव," दर्शना आता भावनाला म्हणाली.

"हळद लागलीय."

"मोठी काकी?"

"तिला तर सगळ्यात जास्त."

"शेजारच्या कोणी? तुमच्या गल्लीतल्या?"

"मॅडम, आख्खं गाव पिवळं आहे," भावना म्हणाली, आणि इतका वेळ दाबून धरलेलं रडू तिच्या आवाजात आलं. "मी जाते घरी. राहू द्या."

"गप. जाते काय! असं कोणीच नाही घरात, जिला हळद लागलेली नाही?"

 रतनकाकूंनी साडी खाली सोडली आणि त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "आई आहेत. सासूबाई. गाडीत बसल्यात."

"गाडीत?"

"सकाळपासून मांडवात विधी चाललेत ना. त्या पुढे येत नाहीत. सासरे गेल्यापासून. आमचे हे म्हणाले, चल आय, गाडी सजवून आणू, तेवढंच फिरणं होईल तुझं."

दर्शनाने तेवढं ऐकलं आणि ती जिन्याकडे निघाली. जाता जाता बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमच्या टेबलाशी थांबली. माया मॅडम घोडबंदर रोडच्या एका मोठ्या संस्थेत शिकवायच्या. तरुण होत्या, केस घट्ट बांधलेले, समोर मुलींचे कागद रचून ठेवलेले.

"एक मुलगी शेवटी घ्याल का? मॉडेल येतेय."

"घेते. पण सुरू केलं की वेळ सगळ्यांना सारखी हं."

फाटकाबाहेर नवरदेवाची गाडी उभी होती. पांढरी, लांबलचक, टपावर गुलाबांची जाळी, मागच्या काचेवर थर्माकोलची नावं. सुट्टीत सोडलेली पाचवीची पोरं भोवती गोळा झाली होती, आणि रतनकाकूंचे यजमान प्रफुल्लकाका एकेकाला "ए, फुलाला हात लावू नको रे" म्हणत हाकलत होते. मागच्या सीटवर फुलांच्या माळांमधून भावनाची आजी, आवडाबाई, बाहेर बघत होत्या. अंगावर फिकं लुगडं, गळा मोकळा. पायांत मात्र पुरुषी काळे मोजे, आणि त्यांवर चपला.

दर्शनाने सगळं सांगितलं.

"आयचे पाय?" प्रफुल्लकाका दचकलेच. "नको नको मॅडम. तिला नाय जमायचं ते. ती डॉक्टरला पण दाखवत नाय. घरात सुद्धा मोजे घालून फिरते." मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "पोरीचं काय, पुढच्या वर्षी बसेल की परत. आणि नाय झाली दहावी तरी आपल्याला काय कमी हाय? घोडबंदरला गाळा हाय आपला. टाकून देतो तिला पार्लर, काचेचा दरवाजा, एसी, सगळं."

ते मनापासून बोलत होते. पुतणीवर त्यांचा जीव होता, आणि त्या जिवाचं काय करायचं ते त्यांना गाळ्यांच्या भाषेतच येत होतं. मागे येऊन उभी राहिलेली भावना खाली मान घालून म्हणाली, "काका, दरवाज्याच्या आत पण मीच बसणार ना? मला यायला तर पाहिजे."

आवडाबाईंनी काच पूर्ण खाली केली.

"आज परीक्षा हाय का गो तुजी?"

"हो आजी."

"मंग ही रतन कशाला आली व्हती?"

"तिचे पाय पाहिजे होते. पण तिला हळद लागलीय, म्हणून चालत नाय."

आवडाबाईंनी नातीकडे पाहिलं, मग दर्शनाकडे. आपल्याला नीट कळलंय का, याची जणू त्यांनी खात्री करून घेतली.

"म्हंजे हालद लागलेली नाय, असाच पाय पायजे?"

"हो आजी," दर्शना म्हणाली.

म्हातारी हसली. आवाज न करता, सगळं अंग हलवून हसली. "आखे गावान मंग मीच हाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी दार उघडलं.

जिना चढताना त्यांनी दर्शनाचा हात धरला, पण भार टाकला नाही. मध्येच थांबून म्हणाल्या, "बाय, माजं पाय चांगलं नाय हं. मागाहून बोलशील, सांगलं नाय."

"चांगले पाय असणाऱ्यांची परीक्षा कशाला घ्यायची, आजी?"

"हां, तू मास्तरीन हायस खरी."

वर्गात बाकीच्या मुलींचं आवरत आलं होतं. भावनाने खुर्चीवर टॉवेल पसरला, आजीला बसवलं, आणि स्वतः समोरच्या बुटक्या स्टुलावर बसली. दर्शना नियमाप्रमाणे मागे जाऊन भिंतीशी उभी राहिली. आता तिला एक शब्द बोलायची परवानगी नव्हती. तिने दोन्ही हात पाठीमागे घेऊन एकमेकांत अडकवले, कारण ते आपोआप पुढे जायचे.

"आजी, मोजे काढू का?" भावनाने विचारलं.

हा प्रश्न दर्शनाने मुलींच्या इतका अंगवळणी पाडला होता की त्या एकमेकींची वेणी घालतानाही 'हात लावू का' म्हणून विचारायच्या. बाकीच्या वर्गांतली मुलं त्यावरून त्यांना चिडवायची.

"काड आता. आलू तर हाय."

मोजे निघाले. शेजारच्या खुर्चीवरची बाई नकळत मागे सरकली.

पाय रुंद होते, बोटं एकमेकींपासून दूर गेलेली. नखं काळपट, जाड, मुडपलेली. टाचांना भेगा होत्या म्हणणं पुरेसं नव्हतं. उन्हाळ्यात तळं आटल्यावर त्याच्या तळाला पडतात तशा त्या होत्या, आडव्या-उभ्या, खोल, कडा पांढऱ्या झालेल्या. ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरं होती तेव्हा आवडाबाई लग्न होऊन आल्या. मिठाचे वाफे पायांनी तुडवून घट्ट करायचे, मग त्याच खाऱ्या पाण्यात उभं राहून मीठ ओढायचं. गाव गेलं, मिठागरं गेली, जमिनीवर टॉवर झाले, घरात संगमरवर आला. पाय तेच राहिले.

माया मॅडम उठून जवळ आल्या. वाकून बघितलं. मग दर्शनाकडे येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "भेग उघडी असेल तर मला हे थांबवावं लागेल. कळतंय ना? रक्त आलं तर?"

दर्शनाने मान हलवली. कळत होतं. तिनेच ते फळ्यावर लिहून दिलं होतं. म्हातारीला फुलांच्या गाडीतून उतरवून, जिना चढवून, सगळ्यांदेखत मोजे काढायला लावून आपण परत पाठवणार की काय, असं तिला वाटून गेलं.

भावनाला मात्र तेवढ्या वेळात सगळं विसरायला झालं असावं. तिने आजीचा उजवा पाय उचलला. बोटं धरून ओढला नाही, टाच तळहातावर घेऊन उचलला. उजेडाकडे वळवला.

"साखर हाय का गो आजी तुला?"

"तुला ठाव नाय का? चा पितंय त्यान साखर घालतंय."

वर्गात खसखस पिकली. भावनासुद्धा हसली. "ती नाय गो. साखरेची गोली घेतेस का?"

"नाय बा. बीपीची हाय नुसती."

"हिथं दुखतं? हिथं?"

उजवा पाय झाला. डावा उचलला. टाचेच्या बाहेरच्या बाजूला तिचं बोट थांबलं. तिथे एक भेग आतून लालसर होती. भावनाने मान वर केली आणि परीक्षक मॅडमना सांगितलं, "मॅडम, ही एक उघडी आहे. हिला मी हात लावणार नाही. ती साफ करून, पट्टी लावून झाकते. हा पाय पाण्यात बुडवणार नाही, ओल्या टॉवेलने पुसून घेईन. उजव्याला सगळं करेन."

माया मॅडमनी ती भेग वाकून पाहिली. मग "बरं" म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या. 

धाकूमामांनी गरम पाण्याची बादली आणली. भावनाने टबात पाणी घेतलं, गार मिसळलं आणि बाही वर सारून कोपर बुडवून पाहिलं. ते दर्शनाने शिकवलं होतं. तिचा मुलगा सम्यक झाला तेव्हा त्याला आंघोळ घालताना तिला उमगलं की राबणाऱ्या बाईच्या बोटांना गरम कळतच नाही. कोपराला कळतं. सुट्टीवरून परत आल्याच्या पहिल्याच दिवशी तिने मुलींना सांगून टाकलं होतं, समोरचं माणूस कितीही मोठं असू दे, पाणी बाळाचं करायचं.

मग भावनाने ट्रॉलीवरची वाटी उचलली आणि पाण्यात ओतली. उजवा पाय अलगद आत सोडला.

आवडाबाईंनी पाय लगेच बाहेर काढला. पाणी फरशीवर सांडलं.

"काय घातलंस यात?"

"मीठ. थोडंसंच. त्यानं पाय नरम पडतात."

"मीठ नको."

त्या रागाने बोलल्या नाहीत. ओला पाय त्यांनी हवेतच धरला होता. "मना मिठाचे पानी नको, पोरी. लय हुबी रायली त्यान. रातचं तेल चोलाचं, सकाली परत त्यानच. आता नको."

 मागच्या रांगेतल्या एका मुलीने हाताने खूण केली, चालू ठेव, दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे. ही पायरी होती. पाणी, मीठ, भिजवणं, वेळ. परीक्षक मॅडमच्या समोरच्या कागदावर तिला वेगळे गुण होते. आजीची थोडी समजूत काढली असती तर आजीने पाय परत सोडलाही असता. नातीची परीक्षा म्हटल्यावर तिने काय सोसलं नसतं? भावनाच्या तोंडून 'आजी' एवढं निघालंही. दर्शनाने पाठीमागे आपलीच बोटं घट्ट आवळली. तिला बोलता येत नव्हतं, आणि मिळाली असती परवानगी तरी काय बोलावं ते तिला कळलं नसतं. तिला पोरगी पास व्हायला हवी होती.

भावनाने आजीच्या पायाकडे पाहिलं. मग टब उचलला.

"धाकूमामा, हे ओता. दुसरं पाणी आणा. साधं."

"आगं, घड्याळ—" धाकूमामा कुजबुजले.

"आणा ना मामा."

पाणी येईपर्यंत तिने तो ओला पाय मांडीवर टॉवेलात गुंडाळून धरला. नुसता धरला. नवं पाणी आलं. पुन्हा कोपर, पुन्हा 'सोडू का', आणि या वेळी पाय आत गेल्यावर आवडाबाईंनी डोळे मिटून घेतले.

त्यानंतर दर्शना सगळं विसरून बघत राहिली. भावना घासायचा दगड एका दिशेने फिरवत होती, मागे-पुढे नाही. मध्येच अंगठ्याने चाचपून बघत होती. मेलेली कातडी पांढऱ्या पिठासारखी टॉवेलवर पडत होती. तिने ती सगळी काढायचा हट्ट धरला नाही. जिथे जाड कातडीखाली कोवळी लागली असती, तिथे ती आधीच थांबली. दोन वर्षं तिला वर्गात उभं करून 'सांग' म्हटलं की ती दोन शब्दांत अडकायची. इथे तिची बोटं सांगत होती आणि कुठे अडखळत नव्हती. डाव्या पायाची भेग पट्टीने झाकली, भोवती ओला टॉवेल फिरवला. नखं ती एकदम कापायला गेली नाही. आधी कानशीने कडा घासून घेतल्या. मग कोमट तेल. टाचेकडून बोटांकडे, बोटांकडून पोटरीकडे.

वेळ संपली तेव्हा तिचं नखांचं थोडं काम राहिलं होतं. तिने कानशी खाली ठेवली.

माया मॅडम समोर आल्या. "पाण्यात मीठ का घालतात?"

"कातडी मऊ होते. थकवा जातो. जंतू कमी होतात," भावना एका दमात म्हणाली. हे तिला पाठ होतं.

"मग तू का नाही घातलंस?"

भावना घुटमळली. दर्शनाला वाटलं, आता हिचं नेहमीसारखं होणार.

"घातलेलं ना. मग काढलं," ती म्हणाली. "आजी मिठागरात होती, मॅडम."

 माया मॅडम टेबलाशी जाऊन बराच वेळ लिहीत बसल्या. मुली आवराआवरीला लागल्या, मॉडेल चपला शोधू लागल्या. दर्शना सह्या करायला टेबलाशी गेली तेव्हा माया मॅडम पाकीट बंद करत होत्या.

"तुम्हाला सांगायला नको खरं तर," त्या हळू म्हणाल्या. "मीठ नव्हतं, म्हणून भिजवण्याच्या पायरीचे गुण मी नाही देऊ शकले. नखं अर्धी राहिली, त्याचेही गेले. कागदावर जे आहे ते आहे."

"हो," दर्शना म्हणाली. 

"बाकी सगळे दिलेत. पूर्ण. निघते ती यातून, काळजी नको." पाकिटावर सही करून त्यांनी पेन ठेवलं. "मी शिकले तेव्हा आम्हाला कोणी विचारायला शिकवलं नव्हतं. थेट पायच पुढे घ्यायचो."

 दर्शनाने सही केली. नेहमीची सही, पण आज शेवटची रेघ जरा लांब ओढली गेली.

खालून हॉर्न वाजला. एकदा, मग लगेच दुसऱ्यांदा. रतनकाकू खिडकीतून डोकावल्या आणि "अगं बाई, किती वाजले! मांडवात सगळे शोधत असतील," म्हणत पदर सावरून धावल्या.

"आई, चला. भावना, आटप गो."

भावनाने ओठांवर बोट ठेवलं.

आवडाबाई झोपल्या होत्या. खुर्चीत मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं. रात्रभर त्यांच्या खोलीच्या भिंतीपलीकडे गाणी वाजली होती, सगळ्या बायका नाचल्या होत्या आणि त्या आत पलंगावर बसून होत्या. आता त्यांचा उजवा पाय नातीच्या मांडीवर होता, तेलाने चमकत, आणि त्या पायाची बोटं झोपेत लहान मुलासारखी सैल पडली होती.

"अगं उठव. लग्न आहे घरात," रतनकाकू कुजबुजल्या.

भावनाने नुसती मान हलवली. नाही. पायावरचा हात तिने काढला नाही. परीक्षा संपली होती, एप्रन अजून अंगात होता, भावाचं लग्न होतं, आणि ती पाठ ताठ ठेवून बुटक्या स्टुलावर बसून राहिली होती.

हातात कोणाचा पाय असताना ते माणूस झोपलं, तर त्याला उठवायचं नसतं. कळव्याच्या पार्लरमध्ये दर्शनाच्या हातांत कितीतरी बायका अशा झोपल्या होत्या, आणि ती स्वतःचे पाय अवघडेपर्यंत बसून राहिली होती. पण हे तिने वर्गात कधीच सांगितलं नव्हतं. अभ्यासक्रमात ते नव्हतं. शिकवता येईल असंही तिला कधी वाटलं नव्हतं.

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. दर्शनाने वर्गाचं दार हलकेच ओढून घेतलं आणि ती जिना उतरून फाटकाकडे निघाली, फुलांच्या गाडीला सांगायला, की अजून थोडा वेळ लागेल.